वीकेंडला क्रुगर: पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

आम्हाला जोहान्सबर्गला येऊन आता नऊ वर्षं होतील. या काळात पुणे, नाशिक, डोंबिवली आणि एकदा थेट न्यू जर्सीहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला क्रुगरला, म्हणजे इथल्या प्रसिद्ध नॅशनल पार्कला, जायचंच असतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे नेमका एकच वीकेंड उरलेला असतो, कारण बाकीचे दिवस केपटाऊनला देऊन झालेले असतात. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

दोन दिवसांत क्रुगर होतं का?

पूर्ण? नाही. क्रुगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपलं ताडोबा बफरसकट धरलं तरी अशी अकरा ताडोबा मावतील. उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किमी आणि आत ताशी ५० च्या वर जायचं नाही, मग हिशोब तुम्हीच करा. पण दक्षिणेकडचा पट्टा, म्हणजे मलेलाने गेटने आत, स्कुकुझा आणि लोअर सेबी हे आतले कॅम्प, आणि क्रोकोडाइल ब्रिज गेटने बाहेर, एवढं दोन दिवसांत छान होतं आणि प्राणीही इथे भरपूर आहेत. अट एकच, शुक्रवारी दुपारी निघायचं. "शनिवारी पहाटे निघू आणि रविवारी रात्री परत" म्हणणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते, ते सगळं हायवेवरच संपतं.

सगळे गेटच्या वेळेबद्दल एवढं का बोलतात?

कारण क्रुगरमध्ये सगळं त्यावरच चालतं. थंडीत, म्हणजे मे ते जुलै, गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद. नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळी साडेपाच ते संध्याकाळी साडेसहा, आणि मधल्या महिन्यांत थोडं इकडेतिकडे. बंद म्हणजे बंद, तुमचं बुकिंग आतल्या राहायच्या कॅम्पला आहे हे ऐकून तिथला माणूस विरघळत नाही. आतल्या कॅम्पलासुद्धा गेट असतं, संध्याकाळी त्या वेळेच्या आत परत आला नाहीत तर दंड होतो.

आमची पहिली ट्रिप मी कधीच विसरणार नाही. नवऱ्याचं ऑफिस एक वाजता सुटणार होतं ते अडीचला सुटलं, मग टोलवर रांग, मग मला चहा हवा होता (हो, चूक माझीच), आणि मलेलाने गेटला आम्ही पोचलो तेव्हा घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटं झालेली, महिना जूनचा. आतल्या बाईने आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाली, कॅम्प इथून बारा-तेरा किलोमीटर आहे, तुम्ही नऊ मिनिटांत कसे पोचणार ते सांगा. ती रात्र आम्ही मलेलाने गावातल्या लॉजमध्ये काढली आणि आतल्या बंगल्याचे पैसे वाया गेले ते वेगळंच.

गेट बंद व्हायच्या निदान दीड तास आधी पोचायचं ठरवा आणि सगळं उलटं मोजत या. माणसं जास्त असतील तर अजून अर्धा तास धरा, कारण कोणाला तरी रस्त्यात काहीतरी घ्यायचं असतंच.

कॅम्पमध्येच राहायचा आमचा हट्ट पण याचसाठी. नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत कॅम्पचं गेट साडेचारलाच उघडतं, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या एक तास आधी तुम्ही रस्त्यावर. त्या तासात रस्ता फक्त तुमचा आणि तरसांचा.

रस्ता कसा आहे? किती वेळ लागतो?

एन ४ हायवे. विटबँक, मिडलबर्ग, मग डोंगर उतरून नेल्सप्रूट (नवीन नाव म्बोम्बेला), तिथून पुढे मलेलाने. चारशे किमीच्या आसपास, साडेचार ते पाच तास, टोल बरेच आहेत पण रस्ता झक्कास. पाच तासांत चहाचा एकच थांबा, वरचा किस्सा आठवा.

तो थांबा मिडलबर्गजवळच्या अल्झूला घ्या, हायवेवरचा मोठा पेट्रोल पंप आहे आणि त्याच्या मागे मोठ्या कुंपणात गेंडे, रानम्हशी, हरणं मोकळी चरत असतात. माझ्या सासूबाई हातात कॉफीचा कप घेऊन दहा मिनिटं तिथे कुंपणाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "झाला की गं गेंडा बघून, आता अजून तीन तास कशाला जायचं?" मी म्हटलं, आई, हा धरायचा नाही, हा पाळलेला आहे. त्यांना ते पटलं नाही.

आत स्वतःची गाडी चालवायची? गाइड नको? भीती नाही वाटत?

ताडोबाची सवय असलेल्यांना हे पचायला जरा वेळ लागतो. तिथे कोअरमध्ये आपली गाडी चालत नाही, जिप्सी, ड्रायव्हर, गाइड, सकाळची फेरी, दुपारची फेरी. इथे तुम्ही भाड्याची साधी पोलो घेऊन गेटवर कागद दाखवता आणि आत जाता, मग दिवसभर कुठेही फिरा, कुठेही थांबा. मुख्य रस्ते डांबरी आहेत, फोर बाय फोरची गरज नाही. उंच गाडी मिळाली तर घ्या, गवताच्या वरून दिसतं एवढाच फायदा. डांबरीवर ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा आहे, आणि आत स्पीडगन घेऊन माणसं खरंच उभी असतात. खरं तर ५० पण जास्त आहे, २५ ने चाललात तरच काही दिसेल.

नियम एकच पाठ करा, ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन सेल्फी नाही, सनरूफमधून मुलांना उभं करायचं नाही. सिंहाला आख्खी गाडी एकच मोठी वस्तू दिसते म्हणून तो दुर्लक्ष करतो, तुम्ही त्या वस्तूपासून वेगळे दिसायला लागलात की गणित बदलतं. टायर पंक्चर झालं तरी आधी गाडीतूनच फोन करा, इमर्जन्सी नंबर परमिटच्या कागदावर असतो, फक्त रेंज सगळीकडे नसते.

भीतीचं म्हणाल तर सिंहाची नाही वाटत. हत्तीची वाटते. त्यावर खाली लिहिलंय.

लायसन, व्हिसा, यलो फीव्हर?

व्हिसा लागतो, आधी काढा. फोटो आणि सही असलेलं इंग्रजीतलं भारतीय लायसन चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणलेलं बरं, गाडी भाड्याने देणारे कधीकधी मागतात. गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाला काही नवीन नाही, हॉर्न न वाजवणं सोडलं तर.

यलो फीव्हर: भारतातून दुबई किंवा दोहामार्गे आलात तर प्रश्न नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येत असाल तर तिथला थांबा बारा तासांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर लसीचं सर्टिफिकेट मागतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. स्वस्त तिकीट बघून सतरा तासांचा थांबा घेणारे आमच्याकडे दोघं झालेत.

मलेरिया आहे का?

आहे. ऑक्टोबर ते मे जास्त, थंडीत कमी. गोळ्या कुठल्या आणि कधीपासून ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका. संध्याकाळी फुल बाह्या, पायात मोजे, ओडोमॉस नाहीतर इथलं कुठलंही चांगलं रिपेलंट. घरी गेल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "आफ्रिकेला जाऊन आलोय" हे पहिल्या वाक्यात सांगा.

अगदी लहान बाळ असेल किंवा कोणी गरोदर असेल तर क्रुगरचा हट्ट सोडा आणि पिलानेसबर्गला जा. जोहान्सबर्गहून अडीच तास, मलेरिया नाही, पार्क लहान आहे पण सिंह, हत्ती, गेंडे सगळे आहेत आणि शेजारी सन सिटी. खरं सांगायचं तर एकाच दिवसाचा वेळ असेल तरीही तिकडेच जा.

कधी यावं? मे महिन्यात की दिवाळीत?

जून ते सप्टेंबर उत्तम. पाऊस नसतो, गवत वाळून बसतं, पाणी ठरावीक ठिकाणीच उरतं आणि सगळे तिथे येतात. पहाटे गारठा जबरदस्त, उघड्या जीपमध्ये बसणार असाल तर स्वेटर, कानटोपी, घोंगडी काय असेल ते आणा, "आफ्रिकेत कसली थंडी" म्हणून हसलेले लोक नंतर माझीच शाल मागतात. मे महिन्याची सुट्टी पण चालते, शेवटचा आठवडा मिळाला तर बरं. दिवाळीत यायचं तर ऊन सहन करायची तयारी ठेवा, चाळीसला पारा जातो, पाऊस सुरू झाला की सगळं हिरवंगार आणि त्यामागे प्राणी गायब. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पिल्लं जन्मतात, नुसती काडीच्या पायांवर उड्या मारणारी शेकडो पिल्लं, तेही बघण्यासारखं असतं.

पार्क वर्षभर उघडं असतं, ताडोबासारखी मंगळवारची किंवा पावसाळ्याची सुट्टी नाही.

राहायचं कुठे, बुकिंग कसं, खर्च किती?

बुकिंग सॅनपार्क्सच्या (इथली नॅशनल पार्क्स चालवणारी सरकारी संस्था) साइटवर, अकरा महिने आधी उघडतं आणि शाळेच्या सुट्ट्या, ईस्टर, लाँग वीकेंड लगेच भरतात. म्हणून "पुढच्या महिन्यात येतोय, करून ठेव ना" हा मेसेज मला पाठवायच्या आधी स्वतः साइट बघा. रोज संध्याकाळी बघत राहा, कॅन्सलेशन होतात, आम्हाला तीनदा असंच मिळालंय.

आमचा ठरलेला बेत: शुक्रवार रात्र बर्ग-एन-डाल (मलेलाने गेटपासून जवळ), शनिवार रात्र लोअर सेबी, रविवारी क्रोकोडाइल ब्रिजने बाहेर. लोअर सेबी माझं सगळ्यात लाडकं, रेस्टॉरंटचा लाकडी डेक थेट नदीवर आहे आणि चहा पिताना खाली पाणघोडे घोरल्यासारखे आवाज काढत असतात. स्कुकुझा हे मोठं गावच आहे, बँक, पेट्रोल पंप, दुकान, जवळ विमानतळ आणि गोल्फ कोर्ससुद्धा, सोय उत्तम पण जंगलात आल्यासारखं वाटत नाही.

एंट्री फी परदेशी माणसाला दिवसाला सहाशे रँडच्या आसपास, मुलांना निम्मी, आणि दर नोव्हेंबरला वाढते. रँडला साधारण पाच रुपये धरा. इथल्या रहिवाशांना बरीच कमी लागते, त्यामुळे गेटवर आमची फी आणि तुमची फी यातला फरक बघून दरवेळी कोणीतरी "हे चीटिंग आहे" म्हणतंच. ताजमहालाच्या तिकीट खिडकीवर परदेशी लोक काय म्हणत असतील?

क्रुगरमध्ये सातारा आहे हे खरं का?

खरं! सताराच लिहा हवं तर, पण नकाशावर स्पेलिंग डिट्टो आपल्या साताऱ्याचं. स्कुकुझाच्या उत्तरेला ९२ किमीवरचा मोठा कॅम्प आहे. गोष्ट अशी सांगतात की जुन्या काळी इथे शेतजमिनींची मोजणी चालू होती तेव्हा मोजणी करणाऱ्याबरोबर एक भारतीय मदतनीस होता आणि सतरा नंबरच्या तुकड्यावर त्याने आपल्या भाषेत "सतरा" लिहिलं, त्याचं झालं सतारा. कंदी पेढे मिळत नाहीत, पण आजूबाजूला मोकळं गवताळ माळरान आहे आणि सिंहांसाठी तोच भाग प्रसिद्ध. दोन दिवसांत तिथे जाऊन येणं जमत नाही, तीन रात्री असतील तर एक तिथे ठेवा. आमच्या कऱ्हाडच्या एका काकांनी तर फक्त पाटीसोबत फोटो काढायला म्हणून आम्हाला जाऊन-येऊन सगळा शनिवार गाडी चालवायला लावली, आणि वाटेत बछड्यांसकट नऊ सिंह दिसले. म्हणून त्यांना काही बोलता आलं नाही.

स्कुकुझा नावाचीही गंमत आहे. क्रुगरची सुरुवात १८९८ साली साबी गेम रिझर्व्ह म्हणून झाली, नॅशनल पार्क १९२६ मध्ये झालं. पहिला वॉर्डन स्टीव्हनसन-हॅमिल्टन, त्याला तिथल्या त्सोंगा लोकांनी दिलेलं नाव स्कुकुझा, म्हणजे झाडून साफ करणारा. ऐकायला कौतुक वाटतं, पण त्याने जंगलात राहणाऱ्या लोकांनाही बाहेर काढलं, तेही त्या झाडण्यात आलं. उत्तरेच्या टोकाला पफुरीजवळच्या मकुलेके लोकांना तर १९६९ मध्ये हलवलं, त्यांची जमीन त्यांना १९९८ मध्ये परत मिळाली.

व्हेज जेवणाचं काय?

कॅम्पच्या रेस्टॉरंटमध्ये चीज सँडविच, पिझ्झा, चिप्स, सॅलड मिळतं, दोन दिवस काढता येतात पण तिसऱ्या जेवणाला सगळ्यांचे चेहरे उतरतात. बहुतेक बंगल्यांना छोटं किचन असतं, बुक करताना नीट वाचा कारण काहींना नसतं. आम्ही जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातून सामान भरून नेतो. शुक्रवारी प्रवासात दशम्या आणि चटणी, रात्री खिचडी.

शनिवारी रात्री भरीत. प्रत्येक बंगल्याबाहेर ब्राय करायची शेगडी असते, ब्राय म्हणजे इथल्या लोकांचा कोळशावर मांस भाजायचा कार्यक्रम, जवळजवळ धर्मच. आजूबाजूला सगळीकडे बोअरवोर्स नावाचं लांबलचक सॉसेज चरचरत असतं आणि आमच्या शेगडीवर दोन भलीमोठी वांगी. शेजारचा एक आफ्रिकानर आजोबा एकदा बियरची बाटली घेऊन मुद्दाम बघायला आला, हे काय जाळताय म्हणून. वांगं पूर्ण काळं झाल्यावर सासूबाईंनी पाण्यात बोटं बुडवून साल काढलं, कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर, वरून फोडणी, आणि त्याला पावावर घालून दिलं. त्याने दोनदा घेतलं. तेवढ्यात कुंपणापलीकडे तरस येऊन उभं राहिलं, वासावर येतात ते, हाडाच्या आशेने. त्याला वांग्यात रस नव्हता. कुंपणातून काही टाकायचं नाही हं, एकदा सवय लागली की शेवटी त्या प्राण्यालाच मारावं लागतं.

माकडांपासून सांभाळा. दशमी हातातून जाते आणि माकड झाडावर बसून तुमच्याकडे बघत ती खातं. बबून तर गाडीचं दार उघडतात, लॉक करा.

टॉयलेट?

कॅम्प आणि पिकनिक स्पॉटवरच. मलेलाने ते स्कुकुझा रस्त्यावर अफसाल, स्कुकुझा ते लोअर सेबी रस्त्यावर न्कुहलू, दोन्ही स्वच्छ असतात. मध्ये लागली तर धरून ठेवायची. म्हणून पहाटे निघताना एकच कप चहा, दोन नाही.

हत्ती समोर आला तर?

थांबा, जागा द्या, इंजिन चालू ठेवा. हत्तींची संख्या इथे वीस हजारांच्या वर आहे, त्यामुळे "आला तर" नाही, येणारच. कळप रस्ता ओलांडत असेल तर मधे घुसायचं नाही, पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असं तर कधीच होऊ द्यायचं नाही. कान पसरून मान झटकायला लागला की तुम्ही जास्त जवळ आहात. डोळ्याच्या मागून गालावर ओला डाग ओघळलेला, मागचे पाय लघवीने ओले, तो माजावर आलेला टस्कर, त्याला शंभर मीटरही कमीच. रिव्हर्स घ्या, शांतपणे, हॉर्न न वाजवता.

आम्ही एकदा असेच चाळीस मिनिटं अडकलो होतो. तो रस्त्याच्या मधोमध निवांत चालत यायचा, आम्ही रिव्हर्स घ्यायचो, तो थांबून एक झाड मोडायचा, आम्ही थांबायचो, परत तो निघायचा. असं जवळजवळ दोन किलोमीटर उलटी गाडी चालवली, मागे अजून सहा गाड्या, त्याही उलट्या. कुणी एक शब्द बोललं नाही. मागच्या सीटवर मुलगी हळू आवाजात रामरक्षा म्हणत होती आणि तिला ती अर्धीच येते.

प्राणी शोधायचे कसे?

पहाटे आणि संध्याकाळी फिरा, अकरा ते तीन पाण्याजवळ गाडी लावून बसा. लोअर सेबीच्या दारातच सनसेट डॅम आहे, मगरी, पाणघोडे, बगळे, आणि पाणी प्यायला कोण येईल सांगता येत नाही. आपली माणसं तिथे चार मिनिटं थांबतात आणि "चला पुढे, इथे काही नाही" म्हणतात. अर्धा तास बसा हो.

स्कुकुझा ते लोअर सेबी हा नदीकाठचा रस्ता, नकाशावर एच ४-१, बिबट्यासाठी नावाजलेला आहे. जमिनीवर शोधू नका, उंबरासारख्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या बघत चला. दहा गाड्या आडव्यातिडव्या उभ्या दिसल्या की समजायचं सिंह नाहीतर बिबट्या, आणि मग दादर स्टेशनसारखी अवस्था होते. दोन मिनिटं बघून पुढच्याला जागा द्या.

पक्षी बघायचे सोडू नका. लायलॅक ब्रेस्टेड रोलर दिसेल, आपल्या दसऱ्याच्या नीलपंखाचा सख्खा भाऊ, फक्त छातीवर जांभळा रंग जास्त.

कॅम्पमध्ये नकाशाचा फळा असतो, त्यावर रंगीत चकत्या लावून आज कुठे काय दिसलं ते सगळे सांगतात. गेंड्याची चकती तिथे नसते, शिकाऱ्यांना पत्ता मिळू नये म्हणून. तुम्हाला दिसला तर फोटो लोकेशनसकट टाकू नका. बरेच गेंडे शिंग कापलेलेही दिसतील, त्यांना वाचवायला पार्कवालेच कापतात, शिंग म्हणजे आपल्या नखासारखंच असतं, परत वाढतं.

रात्री फिरता येतं का?

स्वतःच्या गाडीने नाही. पार्कच्या ट्रकमधून सनसेट किंवा नाइट ड्राइव्ह असते, एक नक्की करा. पहाटे बंदूकधारी रेंजरबरोबर पायी फेरी पण असते, बारा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. ड्रोन आणू नका, बंदी आहे.

दोन दिवसांत बिग फाइव्ह होतात का?

सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, गेंडा. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड ते पाच, शिकाऱ्यांनी पाडलेलं नाव आहे, बघायला सगळ्यात छान असा त्याचा अर्थ नाही. जिराफ त्यात नाही, चित्ता नाही, रानकुत्रे नाहीत, हे काय बरोबर आहे? आमच्या वीसेक ट्रिपांत वीकेंडला पाचही दिसले असं चारदाच झालंय.

सासूबाईंना हत्ती आणि रानम्हशी शनिवारी सकाळीच दिसल्या, सिंह दुपारी झोपलेले, रविवारी एच ४-१ वर बिबट्या, म्हणजे फांदीवरून लोंबणारी शेपूट, बाकीचा बिबट्या पानात. गेंडा काही दिसला नाही. क्रोकोडाइल ब्रिजमधून बाहेर पडल्या पडल्या फोनला रेंज आली, त्यांनी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला आणि मोठ्याने सांगितलं, "अगं, पाचही दिसले!" मी आरशातून बघितलं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "पेट्रोल पंपावरचा धरलाय मी."